टूंऽऽ

सेलूच्या मंगल कार्यालयात
एकवीस शिव्या दिल्या मी,
सतरांना हशा.
डॉक्युमेंटरीवाल्यांनी विचारलं, अश्लील म्हणजे काय?
मी बोललो मोठ्ठं. स्वातंत्र्य वगैरे.

मग ते घरी आले.
सागरआत्या शेंगा फोडत बसलेली.
“आजी, ऐकलेत याचे विनोद?”
“ऐकले की. कामून इतकं लाजत बोलतंय बाई पोरगं?
आमी हळद दळताना म्हणायचो,
नवरदेव मांडवातून पळायचा.”
आणि पदर नीट सावरून
म्हटलं तिनं एक.
साउंडवाल्यानं हेडफोन काढला.
मी उगाच उठलो, पाणी आणायला.

फिल्ममध्ये माझ्या शिव्या आहेत,
सगळ्या, स्पष्ट.
आत्याच्या तोंडी नुसतं
लांबलचक टूंऽऽ
आणि मग
शेंग फुटल्याचा आवाज.