माप

ऑगस्टात कारखाने बंद असतात.
इव्रेआतली कुत्रीसुद्धा
सावली बदलायचा कंटाळा करतात.
नेमकं तेव्हाच येतं ते पाकीट, लांबट, पांढरं.
छाती चौऱ्याण्णव, कंबर बहात्तर, मान अडतीस.
नावाच्या जागी नुसती रेघ.
मी वाचते, घडी घालते,
सुयांच्या डब्याखाली सारते.

खाली ग्वाल्तिएरोच्या बारमध्ये
अफवांना भाव आलाय.
ब्राझीलवाला हिरव्या संघात चालला म्हणे,
त्याचा मॅनेजर कुणाच्या तरी यॉटवर दिसला,
अनवाणी. म्हणजे ओळख जुनी.
हिरव्यांचा म्हातारा जर्मन निवृत्त होणार,
बायकोनं घोडे घेतलेत डोंगरात.
आणि कुठल्याशा बँकेनं
संचालकाच्या पोरासाठी अख्खी सीट उचलली.
ग्वाल्तिएरो साखरेच्या पुड्या मांडतो,
एक पुडी, एक गाडी.
एक सरकवली की साऱ्या हलतात.

सुतावरून स्वर्ग गाठतात ही माणसं.
सूत माझ्याकडे आहे.
मी कॉफी पिते, बिनसाखरेची.

तसे मला चेहरे आठवत नाहीत, पाठी आठवतात.
हा कपडा बसलेल्या माणसाचा असतो,
म्हणून पाठीला लांब, पोटाशी आखूड.
जिंकून उभा राहिला, बाटली उंचावली,
तरी माणूस त्यात किंचित पोक काढलेलाच दिसतो.
नक्षीची सुई आतल्या थरात शिरता कामा नये.
दोराही न जळणारा हवा.
म्हणजे आग लागलीच,
तर माणसाचं काय ते देव जाणे,
बँकेचं नाव नक्की वाचेल.

शुक्रवारी तावेत आला, एस्टोनियाचा.
चार हंगाम त्याची कंबर माझ्या फितीला पाठ.
सैल होतंय म्हणाला, आत घ्या.
जेवण कमी केलंय की जात नाही,
मी विचारलं नाही.
भिंतीशी कापडाचे नमुने होते, चादरीखाली.
"पुढच्या वर्षी कुठला रंग?"
हवापाणी विचारावं तसं विचारलं त्यानं.
माझ्या ओठांत टाचण्या होत्या.
टाचण्यांचा तेवढा एक उपयोग.

पाकिटातले दोन्ही खांदे सारखे होते.
तावेतचा डावा, भिंतीवर आदळल्यापासून,
सेंटिमीटरभर खाली.

जाताना म्हणाला,
थोडं कापड आत दुमडून ठेवा,
हिवाळ्यात मी भरतो.
ठेवलं.

ऑक्टोबरभर मी बँकेचं चिन्ह भरलं,
चौदा हजार टाके, सोनेरी,
छातीवर, पाठीवर, दोन्ही दंडांवर.
नोव्हेंबरात बँकच बसली.
फोनवर एक मुलगी, आवाजानं कोवळी:
थांबवा. उसवा. बिल पाठवू नका.
उसवायला भरण्याहून जास्त वेळ लागतो,
हे तिला कुणी शिकवलेलं नसावं.

सीट गेली भलत्यालाच.
बारमध्ये कुणीच त्याची पुडी मांडली नव्हती.
ग्वाल्तिएरो म्हणाला, मला वाटलंच होतं.
तावेत आता जपानात गाड्या चालवतो म्हणे.
बातमी की अफवा, कसं सांगू,
माप माझ्याकडे आलं नाही.

तो पोशाख राहिला. पांढरा, कोरा, एकदाही न बसलेला.
फेब्रुवारीत कार्निव्हलला मी तो कापून
ग्वाल्तिएरोच्या नातीला दिला, एर्सिलियाला.
ती नऊ वर्षांची, घाबरत नाही.
संत्र्यांच्या लढाईत थेट चौकात जाऊन उभी.
पहिलं संत्रं छातीवर फुटलं.

टाके उसवतात, सुईची भोकं राहतात.
रस आधी त्या भोकांतच उतरला
आणि क्षणभर अक्षरं दिसू लागली.
गर्दीतल्या कुणीतरी
ती मोठ्यानं वाचलीही,
चुकीची.