कडेची खाट

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
माझा डावा पाय सहा आठवडे वर टांगलेला.
कौलं शेकारताना घसरलो, बाकी काही नाही.
खाट शेवटची, दाराला लागून.
खिडकीत नांद्रुक,
आणि त्यावर आणखी चारशे उलटी :
वटवाघळं.

पहिले दोन दिवस वाटलं, झोपलीत सगळी.
तिसऱ्या दिवशी मोजायला घेतली, दुसरं काम नव्हतं.
मधल्या फांद्यांवरची खरंच झोपतात
पंखांचं घोंगडं नाकापर्यंत ओढून,
अंगाला अंग लावून.
कडेची मात्र
एक डोळा उघडतात, मान फिरवतात,
मलप्रभेकडे, रेल्वेच्या तारांकडे, वर,
आणि मिटतात.
पुन्हा उघडतात,
तोवर माझे दहा आकडेही म्हणून झालेले नसतात.

"नोडताव," म्हणाला शेजारचा इरगौडा,
बघतायत.
"काय बघतात?" मी मराठीत.
"सावु," तो कानडीत, मोसंबं सोलत.
मरण. एवढी कानडी मला येते.

गुरुवारी मोरघार आली.
वॉर्डात कुणाला पत्ता नाही.
आधी कावळे गप्प झाले.
मग अगदी टोकाच्या काटकीवरची एक,
कानाला खाच, पोटाशी पिल्लू,
तिनं कान ताठ केले
आणि एकच चिरका आवाज काढला,
कातरीनं पत्रा कापावा तसा.
झाडच उठलं.
भर दुपारी आभाळभर
फाटक्या छत्र्या.
घार रिकामी गेली की भरल्या नख्यांनी,
दिसलं नाही. खिडकी केवढीशी.

परतल्यावर नुसती भांडणं,
आतल्या जागेसाठी चावाचावी, लाथाळी.
खाचेच्या कानाची पुन्हा टोकालाच.
तिला कुणी आत घेतलं नाही
की तिनंच मागितलं नाही,
पाय खाली आला तरी
मला ते ठरवता आलेलं नाही.

रात्री झाड मोकळं,
सगळी चिकूच्या बागांवर गेलेली.
इकडे मधल्या खाटा घोरत असतात.
दाराची कडी हलली
की मीच आधी विचारतो, कोण?

"अजून जागेच?" सिस्टर फिलोमिना,
बॅटरी माझ्या तोंडावर.
मी काही बोलायच्या आत
इरगौडा कुशीवर वळतो,
चादर नाकापर्यंत ओढतो
आणि माझ्याकडे बोट करून तिला सांगतो :
"नोडतान."