मार्चअखेर, सेव्हिया

द्वारकाबाई माझ्या नणंद. वरूडच्या पोस्टात
तीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरले त्यांनी,
आता पहिल्यांदा स्वतःचा, आणि खाली माझा.
"वच्छला, जन्मतारीख?"
एक जून. हेडमास्तरांनी अर्ध्या शेंदुरजन्याला हीच दिलेली.
त्या दिवशी गावाला सुईणी पुरल्या कशा, कोण जाणे.

अमरावतीला पासपोर्टच्या खिडकीत
मशीनला माझी बोटं दिसली नाहीत.
पुसा, म्हणाला. पदराला पुसली, पुन्हा ठेवली.
"काकू, तुम्हाला ठसेच नाहीत."
असतील कुठून?
पस्तीस हिवाळे जंबेरीच्या काट्यांत गेले ते.
दिवसाला आठशे डोळे भरायची मी,
खुंटाची साल चिरून, आत संत्र्याचा डोळा सरकवून,
वरून पट्टी, गाठ, पुढचा खुंट.
चौथ्या खेपेला एक अंगठा उमटला. डावा.
तोही भीतभीत.

मग हवालदार चौकशीला आला. चहा घेतला, फुटाणे घेतले.
"कायले चालल्या एवढ्या दूर?"
"संत्री पाह्यले."
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग मागच्या चाळीस हजार रोपांकडे,
मग परत माझ्याकडे,
आणि कागदावर लिहिलं, पर्यटन.

खरं तर सगळं त्या कॅलेंडरनं केलं.
फवाऱ्याच्या औषधाची कंपनी, बारा महिने, बारा देश.
फेब्रुवारीत पिवळ्या भिंतींची गल्ली
आणि दोन्ही अंगांनी लगडलेली झाडं, भर रस्त्यात, कुंपण नाही.
साल संपलं तरी मी तो महिना उलटला नाही.
त्याच्याच पाठीवर आता बाई बेत लिहितात.
दोन ल लिहायचे आणि य म्हणायचा, सेव्हिया.
हे म्हणाले, "असं कुठं असते?"
बाई म्हणाल्या, "तू नाही लिहितो अन नाई म्हणतो, तसं."

बाईंनीच शोधून काढलं,
ती फळं कडू आहेत. गावात कोणी खात नाही.
मी रात्रभर त्याच विचारात.
म्हणजे ते खुंटच की.
अख्खं शहर खुंटांचं,
कोणी डोळाच भरला नाही त्यांच्यात,
आणि तरी शेकडो वर्षं त्यांना पाणी देतात,
वासासाठी म्हणे.
आमच्याकडे असलं झाड पहिल्या उन्हाळ्यात सरपणाला गेलं असतं.

जानेवारीत गेलो तर फळं, मार्चअखेर गेलो तर फूल.
जानेवारीत नर्सरी कोण सोडणार?
मार्च ठरला.
मृग बहार तोडणीला असेल, व्यापारी दारात असेल,
हे म्हणतात, "मी पाह्यतो. रात्रीची लाइन असली
त मोटर सुरू कराले मीच उठतो, तू कवा उठली?"
हे खरं आहे. म्हणून बोलले नाही.

तिथल्या मनोऱ्याला पायऱ्या नाहीत, चढण आहे.
बांग देणारा घोड्यावरून वर जायचा म्हणतात.
बाईंनी पुढे लिहिलं: गुडघे चालतील.
खाली चौक आहे, आधी मशिदीचा, आता चर्चचा,
झाडं मात्र तेव्हापासून ओळीत.
मी फोटो मोठा करून पाहिला.
फरशीत कोरलेले पाट, प्रत्येक बुंध्याला आळं,
एका आळ्यातून दुसऱ्यात जाणारं पाणी.
कोणी का बांधलं असेना,
पाण्याची पाळी ठाऊक असलेल्या माणसानं बांधलंय.

बॅगेची यादी: लोकरी स्वेटर, मेथीचे ठेपले, बीपीच्या गोळ्या.
चाकू लिहिला, मग खोडला.
विमानात नेता येत नाही,
तिकडून काडी आणता येत नाही, एक डोळासुद्धा.
जाताना दोन, येताना दोन.

"पहिल्या दिवशी काय घ्यायचं? चर्च का राजवाडा?"
म्हटलं, बाई, पहिल्या दिवशी काही नको.
एखाद्या झाडाखाली उभं राहू,
एक पान चुरगाळून पाहू,
जंबेरीसारखं येतं का नाकात.

बाईंनी लिहिलं: दिवस पहिला, झाड.
थोडं थांबून खाली:
पान तोडलं तर दंड किती, विचारणे.