माजी

शारजात, अकराव्या मजल्यावर
भाऊ आंबेरकर पहाटेच कडक इस्त्रीत बसतात.
दोन टर्म या वेळी अंगणात माणसं असायची,
बदली, बोअरवेल, कुणाचा दाखला.
आता बेल वाजते ती पाण्याच्या जारची.
तिसऱ्यांदा डिपॉझिट गेलं,
मग गुडघे,
मग वहिनी.

संध्याकाळी खाडीवर गलबतं भरतात:
टायर, फ्रीज, कुणाची जुनी सायकल.
इद्रिस भाटकर, खलाशी, जयगडकडला,
दोर सोडून जवळ येतो.
"साहेब, आमच्या जेटीचं काय झालं?"

मागे धक्का, नजर पोचेल तिथवर दिवे.
भाऊंचा हात खिशात जातो.
लेटरहेड नाही, सुनेचं लुलूचं बिल आहे.
त्याच्या पाठीवर नाव, वाडी,
मागणी कधीपासून,
आणि खाली, घाईघाईत,
सही.