पार्सलचे वेगळे

फळ्यावर आईने खडूने लिहून ठेवलंय:
सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोंबडी-वडे,
आणि अगदी खाली, जागा संपत आली तेव्हा
दाटीवाटीने – पार्सलचे वेगळे.
त्यातला शेवटचा 'ळे' चौकटीवर चढलाय.

सुरमई कितीही चढू दे, कुणी बोलत नाही.
वाद होतात ते ह्या ओळीवरून.

काल खाडीपलीकडून, देवबागातून फोन:
ताई, चार थाळ्यांचं समजलं,
पण डब्यांचे चाळीस कसले? होडीचे साठ कसले?
आणि त्या पोराला द्यायचं
ते ह्यात धरलंय, की तेही वेगळं?

आई चुलीकडून ओरडते,
'इचार तेंका, सोलकडी वंजळीत नेतल्यात काय?'
मी फोनवर हात ठेवते. मग सावकाश सांगते,
डबा आम्हांलाच दहाला पडतो, कुडाळहून येतो.
साठ होडीवाल्याचे. सुकती लागली तर ऐंशी,
वाळूच्या पट्ट्याला वळसा घालावा लागतो.
पोराचं तुम्ही बघा.

'पोराचं तुम्ही बघा.'
दिवसातून सात-आठदा म्हणते मी हे
आणि दर वेळी लाज वाटते,
कुणाची ते ठरत नाही.

पोर म्हणजे रुजाय. एकोणीस वर्षांचा.
पलीकडे जेटी नाही, म्हणून पँट दुमडून
पिशवी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरतो.
कोण काय देतं ते कधी आपणहून सांगत नाही,
विचारलं तर हसतो.
कुणी म्हणतं, मोबाईलवर पाठवू का?
त्याचा मोबाईल गणपतीत खाडीत पडला, तो पडलाच.
कुणी म्हणतं, सुट्टे नाहीत रे,
आणि अर्धी उरलेली पाण्याची बाटली देतं.
कुणी दारच थोडं उघडतं, हातापुरतं.

एकदा एका आजोबांनी पाचशेची नोट दिली, म्हणाले, ठेव.
हा परत आला, नोट माझ्यापुढे धरली,
'चुकान दिल्यानी आसतली.'
आणि विचारायला पुन्हा होडीत बसला.
आजोबा म्हणाले, अरे, तुलाच दिलेत.
जाण्यायेण्याचं भाडं त्यातूनच गेलं.
मी त्याला मूर्ख म्हणाले, आईने मला.

आधी आमचे स्टीलचे डबे होते, तीन खणांचे,
झाकणावर टोच्याने कोरलेलं: तारी.
तेव्हा फळ्यावर ती खालची ओळ नव्हती.
डबा घासून परत यायचा, आणि रिकामा कधीच नाही.
मूठभर बिमलं, ओल्या काजूबिया,
नागपंचमीला हळदीच्या पानातली पातोळी,
काहीच नसलं घरात
तर कागदाच्या पुडीत चमचाभर साखर.
किती घालायचं हे कुणी कुणाला विचारत नसे.
प्लास्टिकचा डबा जातो तो जातो.
परत न येणाऱ्या डब्यात
कोण काय घालणार?
म्हणून दहा. मला तरी असंच वाटतं,
आई म्हणते, कुडाळवाला महाग झालाय म्हणून.

एकच स्टीलचा डबा उरलाय. बुधवारी जातो
सेवेरीनबायकडे, देवबागात, चर्चच्या पाठी.
एकटी असते. डोळे गेल्यात जमा.
तिच्याकडून होडीचेही घेत नाही,
ते कोण भरतं, मी वहीत शोधलं नाही.

आज डबा आला. वरच्या खणात,
जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली
दोन गावठी अंडी, अजून थोडी कोमट.
मी पेन घेऊन बसले होते,
कुठल्या रकान्यात लिहू ते बघत.
आईने तोवर दोन्ही तव्यावर फोडली,
वर मीठ-मिरपूड, बाजूला कालची भाकरी.
'बस,' रुजायला म्हणाली, 'खा आदी.'

तो खाली मान घालून खात राहिला.
पँटीतून पाणी गळत होतं, फरशीवर.

फोन वाजला. मी उचलला.
हो, थाळी आहे.
हो.
पार्सलचे वेगळे.