वापरात नाही

ऑक्टोबर. फोंड्याचं नाट्यगृह रिकामं.
जत्रांची नाटकं उभी राहायला अजून तीन आठवडे,
आणि मला सांगितलंय, कन्सोल साफ कर.
सहाशे बारा प्रीसेट.
नव्या एलईडींना जुने आकडे कळत नाहीत:
जुना अंबर मारला की नवा दिवा
कावीळ झाल्यासारखा बघतो.

ही सगळी रुझारबाबची जमवाजमव.
तियात्राला तोच हात, संगीत नाटकालाही तोच.
दुसऱ्या कुणाचं एका 'सांज'वर भागलं असतं.
त्यांच्याकडे तीन:
सांज काणकोण, सांज वाळपय,
सांज म्हापसा शुक्रवार.
वाळपयच्या सांजेत निळा आधी येतो.
डोंगर, दुसरं काय.
राजा उंच. राजा ठेंगणा.
भूत, हिरवं जरा कमी.

पहिल्या वर्षी मी
एका नाटकापुरती सीता दोन फूट अलीकडे घेतली
आणि 'अपडेट' दाबलं.
पुढच्या आठवड्यात सात नाटकांतल्या सात बायका
अंधारात बोलत होत्या,
उजेड शेजारी उभा.
रुझारबाब ओरडले नाहीत.
"बाये, क्यूंत उजवाड नासता, पत्तो आसता.
घर हालयलें जाल्यार
सगळ्यांचीं पत्रां चुकतलीं."

आज एकशे त्रेचाळीस जणांपुढे
कन्सोलने लिहिलंय: वापरात नाही.
पुसण्याआधी एकेक मारून बघते.
गोबोची विरलेली पानं,
बंद पडलेल्या कुठल्या मंडळाचा चंद्र,
तीन गुलाबी, तिन्ही वाईट.
पूस. पूस.

चारशे अठरा. नाव नाही, नुसतं टिंब.
मारला, तर रंगमंचावर काहीच नाही.
वाटलं, दिवा गेला.
मग दिसलं: डाव्या विंगेत, झालरीमागे,
मांडीच्या उंचीवर
वहीएवढा उजेड.
सहा टक्के.

तिथे पूर्वी स्टूल असायचं.
सगुण प्रभुदेसाई प्रॉम्प्टिंगला बसायचे,
मोतीबिंदू झाल्यावरसुद्धा.
बॅटरी लावली की पहिल्या रांगेला दिसते,
यावरून दोघांची भांडणं, एवढं ऐकलं होतं.
भांडणं थांबली कशी,
ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकाही क्यूमध्ये नाही हा.
म्हणजे दर प्रयोगाला
तिसरी घंटा झाली की हाताने लावायचा,
शेवटच्या पडद्याला हाताने काढायचा.
कागदावर कुठे नाही, मशीनला माहीत नाही.

एकशे बेचाळीस पुसले.
नवा दिवा सहा टक्क्यांवर लुकलुकतो,
म्हणून नऊवर नेला.
टिंबापुढे नाव लिहायला घेतलं,
कर्सर बराच वेळ तसाच.
पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात टाकला,
दमट हवा कुणाचं ऐकत नाही.

चारशे अठरा विझवायला हात गेला
तेवढ्यात विंगेतून डब्याच्या झाकणाचा आवाज.
झाडलोट करणारी एस्पेरान्स
उजेड बघून तिथेच बसली होती,
मांडीवर डबा.
"बंद करूं नाका गो," ती म्हणाली,
"जेवतां."