गाठ

सकाळी सव्वासातला बिल्बाओवर धुकं होतं,
आणि पार्किंगमध्ये माझ्या जागेवर
कुणीतरी गाडी लावलेली.
हे आधी सांगते, कारण पुढे
मी देवाबिवासारखी वाटेन तुम्हाला.
तशी नाही. चिडलेली होते.

बालेन्दिन, वय एकसष्ट, बेर्मेओ बंदराचा.
जाळी सांधतो. बायकांचं मानलेलं काम,
आईच्या हातून त्याच्या हातात आलेलं.
डाव्या कपाळामागे लिंबाएवढी गाठ.
आमचं सगळं मंडईच्या मापानं चालतं:
तीळ, मसूर, बोर, लिंबू.
संत्र्याच्या पुढे आम्ही आवाज उतरवतो.

आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, किती काढू?
तो बोटं बघत बसला.
"न सुटणारी गाठ आम्ही ठेवून देतो, डॉक्टर.
ओढली तर दोरा जातो.
गाठ असली तरी जाळं मासे धरतं."
मी म्हटलं, कायमचं नाही धरत.
"कायमचं कुठलंच जाळं नसतं," म्हणाला,
आणि जेवणात मीठ नाही अशी तक्रार केली.

कवटीची खिडकी उघडली, मग त्याला जागं केलं.
मेंदूला बोट लावलेलं कळत नाही.
सगळ्या अंगाचं दुखणं ज्याच्या दारात येऊन पडतं
त्याला स्वतःला काहीच दुखत नाही.
यावर मी पूर्वी फार विचार करायचे.

इत्सासो चित्रं दाखवते, तो नावं सांगतो,
आधी आईच्या भाषेत, मग शाळेच्या.
मी विजेचं टोक टेकवते, मोजून चार सेकंद.
किल्ली. गिल्त्सा, यावे.
सफरचंद. सागार, मान्साना.
फुलपाखरू. चिमेलेता, मारिपोसा.
शब्द अडला नाही की तिथून आत शिरायचं.

चंद्र.

"लूना," तो म्हणाला.
आणि घरी?
ओठ हलले.
बोबडी वळते म्हणतात तशी, फक्त भीतीशिवाय.
मी टोक उचललं.
"इलार्गी," म्हणाला, सगळे खिसे चाचपून
शेवटी सापडलेल्या नाण्यासारखं.
पुन्हा टेकवलं, पुन्हा गेला.
तिसऱ्यांदाही गेला. तीनदा म्हणजे नक्की.

गाठीचं मूळ त्या शब्दाखालून गेलं होतं.
काढलं असतं तर काही महिने जास्त,
कदाचित एखादं वर्ष.
लूना राहिलीच असती त्याच्याकडे.
इलार्गी म्हटलं म्हणून मात्र
शाळेत छड्या खाल्ल्या होत्या त्यानं.
मला ती भाषा येत नाही. माझे वडील
वाल्यादोलिदहून पोलादाच्या कारखान्यात आले
आणि आम्हाला म्हणाले, एक भाषा पुरते.

मी हात आखडता घेतला.

गुरुवारच्या बैठकीत लेगार्रेतानं
पडद्यावर पेन टेकवलं: हे काय राहिलं?
मसुराएवढं, मी म्हटलं.
ते दिसतंय. का राहिलं?
मी अहवाल वाचून दाखवला. अवशेष, सहा मिलिमीटर,
वाचेच्या केंद्राजवळ.
शब्द कोणता, त्यासाठी रकाना नसतो.

टाके काढायला तो आला तेव्हा
सुतळीची पिशवी घेऊन आला, स्वतः विणलेली.
एका कोपऱ्यात गाठ होती, मुद्दाम की चुकून, विचारलं नाही.
मी तिच्यात संत्री आणते.

मार्चमध्ये स्कॅन आहे.
मसुराचं बोर झालंय का, ते तेव्हा कळेल.